कानस मारलेला ब्लॉक

गाडीचा ब्लॉक हातात घेण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच विचारायचो, "मागं कोण बसतं?" पोरं वैतागायची. त्यांना पिकअप पाहिजे असायचा, चौकशी नको असायची. आता टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. माझ्या बोटांना मुंग्या येतात, उजव्या कानात सारखं काहीतरी वाजत असतं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाचा मनापासून कंटाळा आला, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण तो प्रश्न का विचारायचो, हे सांगायचं राहिलंय.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं ते भांडं, ज्यात पिस्टन वरखाली होतो. धूर बाहेर जायला त्याच्या भिंतीत एक खिडकी असते. ती कानशीनं घासून वर उचलली की वेगात असताना गाडी पिसाटासारखी पळते. पण खालची ओढ जाते. हळू चालवली, मागं ओझं टाकलं आणि वर चढ लागला, की ती घरघरते आणि बंद पडते. घासून गेलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी ते दादाच्या गाडीला केलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. राजुरीत आमचं घर आणि रस्त्याच्या कडेला माझं पत्र्याचं गॅरेज. दादा आणि वहिनी दोघंही शिक्षक, घाटघरकडच्या एका वाडीवरच्या शाळेत. राहायला जुन्नरला खोली, आणि रोज सकाळी दोघं एका शंभर सीसी गाडीवरून डोंगराकडे. वडिलांना, म्हणजे तात्यांना, माझं गॅरेज पटलेलं नव्हतं. एक पोरगा मास्तर आणि दुसरा काळ्या हाताचा, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. मला गॅरेज टाकू द्या म्हणून त्यांच्याशी भांडला तो दादाच.

दिवाळीच्या सुट्टीत दादानं गाडी माझ्याकडे लावली. "जरा ओढत न्हाई रे, बघ," एवढंच म्हणाला. सायलेन्सरमधला कार्बन काढला असता तर काम भागलं असतं. पण मला दादासाठी काहीतरी मोठं करायचं होतं. तीन दिवस कानस घेऊन बसलो.

गाडी तपासायची कुठं? आमच्याकडे पळणारी कुठलीही गोष्ट घाटात, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवरच तपासली जाते. वडील जुने गाडामालक. बारी, म्हणजे एक धाव, किती सेकंदांत झाली, यावरून ते बैलाची काय आणि माणसाची काय, सगळ्यांचीच लायकी ठरवत. मी एकटाच गाडीवर बसलो आणि गिअर ताणत सुटलो. निशाणापाशी वडील स्टॉपवॉच घेऊन उभे. त्यांनी ते दोनदा पाहिलं आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "पोरानं काम केलंय राव." माझ्याबद्दल चारचौघांत असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही. दादा शेजारीच उभा राहून हसत होता.

पुढं कधीही विचारलं, "गाडी कशी?" तर उत्तर ठरलेलं, "लई भारी." संक्रांतीला दोघं घरी आले तेव्हा वहिनीच्या पायात, साडीखाली, कॅनव्हासचे बूट. मी छेडलं, "काय वहिनी, पोलीस भरतीला निघालात का?" वडीलही हसले. "व्हय भावजी, सराव चाललाय," म्हणत वहिनी स्वयंपाकघरात गेली.

शिमग्याच्या आधी घाटघरला एकाची जीप बंद पडली म्हणून मला बोलावणं आलं. सकाळीच निघालो. डोंगर सुरू झाल्यावर एका वळणापुढं एक बाई चढ चढताना दिसली. खांद्याला पिशवी, एका हातानं निऱ्या उचललेल्या, पायात तेच बूट. मी गाडी थांबवली. ती वहिनी होती, आणि मला बघून तीच ओशाळली, चोरी तिचीच पकडली गेल्यासारखी.

मी पुढं माथ्यावर गेलो, तर दादा गाडी रेस करत उभा होता, नाहीतर ती बंद पडायची. "दोघांना घेऊन चढत न्हाई," तो खाली बघत म्हणाला. असे चढ किती, मी विचारलं. मागून आलेली वहिनी म्हणाली, "तीन. मला काय न्हाई व्हत भावजी, सकाळची हवा चांगली असती." दिवाळीपासून शाळेच्या प्रत्येक दिवशी ती तीन चढ चालत होती आणि पुढं दिवसभर उभ्यानं शिकवत होती.

"मला सांगायचं नाही का?" मी दादावर ओरडलोच.

"तात्या तुला पहिल्यांदा चांगलं म्हणाले व्हते," दादा म्हणाला. "गाडी परत आणली असती, तर ते काय बोलले असते, तुला म्हाईत न्हाई व्हय?"

मला त्याचा राग आला, त्याहून माझा जास्त. माझं कौतुक टिकावं म्हणून वहिनी पायांनी किंमत भरत होती, आणि मी तिच्या बुटांची थट्टा केली होती. शरमेनं मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी वडिलांना मीच सगळं सांगितलं, बुटांसकट. ते म्हणाले, "शर्यतीची जोडी तू उसाच्या गाडीला जुंपली. आन सेकंद मी मोजलं." त्यांनी स्वतःलाही त्यात धरलं, एवढ्यानं जरा हलकं वाटलं. रविवारी मी साधा, न घासलेला ब्लॉक बसवला.

सोमवारी सकाळी त्यांच्या मागोमाग निघालो. दोन माणसं, पिशवी आणि खरा चढ, असं एकदा बघायचं होतं. पहिला चढ लागला. गाडी मंदावली, पण आवाज भरीव होता, ती आरामात चढणार होती. तेवढ्यात दादानं ब्रेक दाबला आणि वहिनी उतरली. तिनं निऱ्या उचलल्या आणि चालायला लागली. तो पुढं निघून गेला.

मी मागून हाक मारली, "वहिनी, बसा की, आता चढतीय ती."

ती थांबली. आधी पुढं गेलेल्या दादाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. "अगंबाई, ध्यानातच आलं न्हाई," म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. वर दादा सवयीनं गाडी रेस करत तिची वाट बघत होता.

"आता अर्धा तर झालाय, चालते," वहिनी म्हणाली.

मी माझी गाडी बंद केली आणि वहिनीच्या मागून ती ढकलत चढाला लागलो.