काटेकाकांच्या लेकीने ओढलेलं घर

काटेकाकांचं खरं नाव सांगायला त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं. पिकअपला मागे हूक बसवून द्यायचा त्यांचा धंदा, सव्वीस वर्षांचा. चाकांवरचं घर ओढून न्यायचंय म्हणत कोणी आलं, की काका आधी घरातला वजनकाटा आणून त्या घराच्या नाकाखाली, म्हणजे हुकावर टेकणाऱ्या दांड्याखाली ठेवणार. हजार किलोच्या घराने नाकावर किमान शंभर किलो टेकवलेच पाहिजेत. कमी भरले, की घर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतं आणि पुढच्या गाडीलाही नाचवतं. गिऱ्हाईक तालेवार असो की सख्खा साडू, काट्याशिवाय काका फाटक उघडत नाहीत.

त्यांच्या थोरलीला तीनशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. राहायला तिने असंच एक चाकांवरचं घर घेतलं आणि ते मी एकटीच ओढत नेणार म्हणाली. काकांनी अट घातली: मला शेजारी बसवून वाटेतला तो वाऱ्याचा लांब पूल पार करून दाखव, मन मानलं तर मी पलीकडे उतरेन, नाहीतर पुढे गाडी मी चालवेन. म्हणजे नव्या नोकरीत बापाने पोचवलेली मुलगी अशी ओळख व्हायची. थोरलीने अट मान्य केली, तोंड वाकडं करून.

निघायच्या सकाळी काकांनी हूक पाहिला, साखळ्या ओढून पाहिल्या, मागचे दिवे पाहिले आणि गाडीत जाऊन बसले. थोरली जागची हलेना.

"बाबा, काटा?"

"अगं, सामान मी डोळ्यांनी पाहिलंय. बरोबर आहे."

"गिऱ्हाइकाला काटा आणि पोरीला अंदाज? उतरा खाली."

काका उतरले. घर हजार किलोचं, आणि काटा बासष्टवर थांबला. काकांनी चष्मा पुसला, स्वतः काट्यावर उभे राहून पाहिलं. काट्याचा काही दोष नव्हता. मग चौकशीत आईने कबूल केलं की आपलं जुनं शिवणयंत्र तिने मागच्या पलंगाखाली सरकवलंय, सोबत पाण्याचे दोन भरलेले कॅन. मागे जागा होती, आणि परक्या गावात पोरगी उसवलेलं कुठे शिवून घेणार? थोरलीने ते सगळं उचलून चाकांच्या पुढे आणलं, पट्ट्याने आवळलं. आता एकशे आठ. काका परत गाडीत बसले.

पुलाच्या मध्यावर एक अजस्र ट्रक शेजारून सुसाट गेला आणि घराने अंग झटकलं. काकांचा पाय आपल्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर जोरात पडला. थोरलीने मात्र ना ब्रेक दाबला, ना स्टिअरिंग ओढलं. तिने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि स्टिअरिंगजवळचा, मागच्या घराच्या ब्रेकचा खटका हाताने हळूच दाबला. दोन हेलकाव्यांत घर सरळ. ट्रकवाल्याबद्दल ती जे बोलली, ते काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

पूल संपला.

"त्या बसथांब्यापाशी घे," काका म्हणाले.

उतरताना एखादी सूचना द्यावी म्हणून ते दार धरून उभे राहिले. एकही सापडली नाही. शेवटी पोचल्यावर फोन कर म्हणाले.

वळणापर्यंत ते घराच्या पाठीकडे पाहत राहिले. शेपूट तसूभर हललं नाही. थांब्यावरच्या एका अनोळखी बाईंनी सहज विचारलं, मुलगा गेला वाटतं?

"मुलगी," काकांनी कॉलर सारखी केली, आणि बस येईपर्यंत त्या बाईंची सुटका झाली नाही.