रोज कमी येणारी रोकड

मी बी.कॉम. झाले तेव्हा डिग्री म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना मलाच समजावून सांगावं लागलं. आई-वडील दोघंही दुसऱ्याच्या रानात राबलेले. डिग्रीनं लगेच काही दिलं नाही. लग्न झालं, मुलं झाली, आणि मग कुठं चौसाळ्याला हायवेवरच्या एका दुकानात हिशोबाचं काम मिळालं. ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचं दुकान. मालकांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. काम मात्र महिन्याच्या बोलीवर होतं. चाचांच्या मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं, महिनाअखेर रोकड जुळली तर ताई तुमी राहा, नाही जुळली तर बीडच्या एका हिशोब करणाऱ्या ऑफिसला काम देऊन टाकतो.

ह्या कामासाठी बीडला शनिवार-रविवार हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावला होता. तिथं सगळं जुळायचं, कारण गणितं जुळवूनच दिलेली असायची. कॉलेजात जमा-खर्च वहीवर शिकलेली मी. इथं खरेदीचं बटण वेगळं, विक्रीचं वेगळं, आणि चुकून एंटर दाबलं की नोंद कुठल्या कुठं जाऊन बसायची. घरचं आवरून दुकानात पोचायला अकरा वाजत. सकाळची बिलं चाचा हातानं फाडत, ती मी आल्यावर चढवायची. दुपारपर्यंत डोळ्यांची आग व्हायची. फिल्टर, बेअरिंग, ऑइल सील. रात्री भाकरी थापतानाही तेच शब्द डोक्यात.

संध्याकाळी चाचांचा मुलगा गल्ला मोजायचा. कॉम्प्युटर म्हणायचा त्यापेक्षा रोकड कमी भरायची. एखाद्या दिवशी थोडी, एखाद्या दिवशी बरीच. मी बिलं परत परत तपासली, क्लासच्या सरांना फोन करून विचारलं. सर म्हणाले, एंट्री चुकत असेल. एंट्री चुकत नव्हती.

एका संध्याकाळी मुलगा नोटांवर रबर चढवता चढवता सहज बोलल्यासारखं बोलला, "चूक असती तर एखाद्या दिशी जास्त बी आलं असतं. रोज कमीच कसं येतंय?"

त्यानं माझं नाव घेतलं नाही. पण दुकानात नवीन मीच होते.

आई लोकांच्या रानात शेंगा तोडायला जायची, तेव्हा निघताना बांधावर उभं राहून पदर झटकून दाखवायची. कुणी झडती मागायच्या आधीच. मला त्याची लाज वाटायची. म्हणून तर शिकले. आणि त्या संध्याकाळी माझ्याच हातांनी मी माझी पर्स काउंटरवर उपडी केली. डबा, बसचं तिकीट, धाकट्याच्या खोकल्याचं औषध. मुलगा दुसरीकडे बघायला लागला. चाचा म्हणाले, "उचला ते. आमी इचारलं का तुमाला?" मी सगळं गोळा केलं. बसमध्ये राग यायचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरचं तसंच टाकून मी दुकान उघडायच्या वेळेलाच जाऊन बसले. पहिलं गिऱ्हाईक लिंबागणेशकडचं होतं, फॅन बेल्ट घेऊन गेलं. चाचांनी बिल फाडलं, नोट डोळ्यांना लावली आणि गल्ल्यात न टाकता मागच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

मी विचारलं. ते म्हणाले, ही बोहनी. त्यांच्या वडलांपासून दुकानाची पहिली विक्री गोरगरिबांची. शुक्रवारी वाटून टाकतात.

"मग रोकड ह्याच्यामुळंच कमी येतीय, चाचा."

"ते पैसे गल्ल्यात येतच न्हाईत, तर गल्ल्यात कमी कसे पडतील?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. मुलालाही डबा रोज दिसत होता. पण ते पैसे दुकानाचे, असं बापलेकांच्या मनात कधी आलंच नव्हतं. मी म्हटलं, दानधर्म म्हणून नोंद टाकते. तर ते गरम झाले. दिलेलं लिहून ठेवलं की दिलेलं राहत नाही, म्हणाले. त्यापेक्षा पहिल्या गिऱ्हाइकाचं बिलच फाडत न्हाई. मी स्पष्ट सांगितलं, बिनबिलाचा माल मी चढवणार नाही. घालवा मला पाहिजे तर.

मग मला सुचलं ते सांगितलं, की मालकानं दुकानातून घरी पैसे नेले तर त्याचं वेगळं खातं असतं. घरी नेऊन काय केलं, ते कॉम्प्युटर विचारत नाही.

चाचांनी डब्याकडं बघितलं. "घरी नेले म्हणा मग. ते चालंल."

जुनी बिलं काढून मी रोजच्या पहिल्या बिलाइतकी रक्कम त्या खात्यावर टाकत गेले. दुपार त्यातच गेली. संध्याकाळपर्यंत महिना जुळला. मुलानं स्क्रीन बघितली, डब्याकडं बघितलं, आणि मला म्हणाला, चहा घ्या ताई. माफी त्यानं मागितली नाही, मीही ती मागून घेतली नाही. चाचा म्हणाले, उद्यापासून पक्क्या.

मला वाटलं होतं, आनंद होईल. नुसती पाठ दुखत होती.

तेवढ्यात मुलानं आतून पिशवी आणली. त्याच्या भावाच्या बॅटरीच्या दुकानाची वर्षभराची बिलं, दाबून भरलेली. म्हणाला, सवड मिळंल तसं एवढं पण चढवा.

मी चहाचा कप खाली ठेवला. "ह्याचे पैसे वेगळे पडतील," म्हटलं.

मुलानं बापाकडं बघितलं. चाचा हसले, म्हणाले, "दे की बे. शिकलेली बाई हाय."

मी पिशवी उचलली आणि बस गाठायला निघाले.