उजव्या हातानं फिरणारी गाडी

शर्यतीला तीन दिवस उरले होते, गाडी तयार होती, आणि डाळजहून निरोप आला की गाड्या उजवीकडं वळणार. मी गाडी बांधली होती डावीकडं वळायला.

माझं सणसरला गॅरेज आहे. शेळगावच्या दिनकरतात्यांची मुलगी शुभांगी कारखान्यावर ऊस पोचवायला स्वतः ट्रॅक्टर चालवते. तिला ओव्हल ट्रॅकवर उतरायचं होतं. ओव्हल ट्रॅक म्हणजे लांबट गोल मैदान. गाडी शेवटपर्यंत एकाच अंगाला वळत राहते. डाळजच्या मंडळींनी रिकाम्या रानात तसा ट्रॅक केला होता, बाहेरून मुरमाचा बांध घालून.

तात्यांना जीप हवी होती. मी म्हटलं, जीप उंच, वळणावर पहिली आडवी होईल. नवशिक्यानं जुनी, बुटकी, छोटी कार घ्यावी, जिचे पार्ट भिगवणला कुठल्याही दुकानात मिळतात. इंजिनला हात लावू नये. पैसा सीट, बेल्ट आणि रोल केजवर घालावा. रोल केज म्हणजे गाडीच्या आत बसवलेला लोखंडी पिंजरा. गाडी पलटली तरी टप डोक्यावर येत नाही.

बाकीचं मी मोबाईलवर परदेशातल्या शर्यती बघून केलं. तिथं गाड्या डावीकडंच वळतात. म्हणून बॅटरी, पेट्रोलची टाकी डाव्या अंगाला नेली. आतल्या बाजूला वजन असलं की गाडी वळणावर धरून चालते. बांध उजवीकडं येणार, ड्रायव्हरही उजवीकडंच, म्हणून उजव्या दारात दोन आडवे पाइप वेल्ड केले. तात्यांनी विचारलं, दोन पुरतील का? मी छातीठोक सांगितलं, भरल्या उसाच्या ट्रॉलीला एवढेच लावतो, काय होत न्हाय.

आता हा निरोप. मी तडक डाळजला गेलो. ट्रॅकचं सगळं बघणारे आबा बांधावर बसले होते. मी त्यांना मोबाईल दाखवला. त्यांनी बघितलासुद्धा नाही.

"सलीमभाई, गोल फिरायचं तर उजव्या हातानं. देवळाला कोण उलटं फिरतं का?"

आता जन्म सगळा हितंच गेला माझा. प्रदक्षिणा कशी घालतात ते मला काय माहीत नाही? पण ते गाडीला लागू होईल हे डोक्यात आलं नाही. चरफडत परत आलो. बॅटरी, टाकी उजवीकडं आणली. बांध आता डावीकडं, म्हणून डाव्या दारातही तसेच दोन पाइप टाकले. तात्या म्हणाले, तिकडं कोण बसतंय, कशाला लोखंड घालवता? मी म्हटलं, असू द्या.

शर्यतीत शुभांगी तिसऱ्या नंबरवर होती. सातव्या फेरीला मागच्या गाडीनं ढुशी दिली आणि आमची गाडी डाव्या अंगानं बांधावर आदळली. मी पळत सुटलो. 

पोरगी आपली आपण बाहेर आली. खांदा सुजला होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता, नंबर गेला म्हणून.

मी गाडीत डोकावलो. दोन्ही पाइप वाकून थेट गिअरच्या दांड्याला टेकले होते. डाव्या बाजूला माणूस बसायला वीतभर जागा उरली नव्हती. उसाची ट्रॉली सायकलच्या वेगानं जाते, एवढा साधा हिशेब मी केला नव्हता.

तात्यांनी वाकलेल्या पाइपवरून हात फिरवला.

"सलीमभाई, उजव्या दारातबी हेच हायत न्हवं?"

"व्हय तात्या. चूक माझी हाय."

तात्या तसेच वळले. बांधावर जाऊन आबांच्या पाया पडले. आबांना कशासाठी ते कळलं नाही, आणि त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.

तेव्हापासून मी दोन्ही दारांत चार-चार जाड पाइप टाकतो. गाडी कुठल्या अंगानं फिरणार, ते नंतर विचारतो.