चाळीस पावलांवरचा कावळा

कावळ्याला मी घाबरतो, हे आधीच सांगून टाकतो. तसा त्या वर्षी मी सगळ्यालाच घाबरत होतो. फोन वाजला की घाबरायचो, नाही वाजला की जास्त.

बायको डॉक्टर. तिला व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेला एका लहान गावातल्या हॉस्पिटलात काम मिळालं, म्हणून आम्ही शहरातलं टार्निटचं घर सोडून मेंढ्यांच्या एका फार्मवर भाड्याने राहायला आलो. माझं आयटीतलं कॉन्ट्रॅक्ट साथीच्या पहिल्याच वर्षी संपलं होतं. दुसऱ्या वर्षी, एप्रिलमध्ये, पुण्यात आई आणि बाबा दोघंही पॉझिटिव्ह आले. आई घरीच बरी होत होती. बाबा हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. मी एकुलता एक. इथून निघायला सरकारची परवानगी हवी, आणि गेलोच तर परत येता येईल याची हमी कोणी देत नव्हतं. मी दिवसभर फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालायचो. फार्मचा मालक, सत्तरी ओलांडलेला म्हातारा, कुंपणापलीकडून हे बघत असायचा. एक दिवस तो म्हणाला, "मेट, तुला काहीतरी काम देतो. नाहीतर तू वेडा होशील."

काम कावळ्यांचं होतं. मेंढ्या विण्याचे दिवस होते, आणि जन्मल्यावर अजून उभ्याही न राहिलेल्या कोकरांचे डोळे कावळे टोचून काढायचे. तसलं पहिलं कोकरू पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हाताऱ्याकडे कावळे मारायचा सरकारी परवाना होता, त्यात त्याने माझं नाव घालून घेतलं. बंदुकीचं लायसन्स मी हौसेने आधीच काढलेलं होतं. बंदूक छऱ्याची, वर नेमासाठी फुली असलेली दुर्बीण बसवलेली. तिचा भरवसा चाळीस पावलांपर्यंत, आणि कावळे मला शंभराच्या आत फिरकू देत नव्हते.

मी घराचं दार उघडलं की निलगिरीवरून एक जण ओरडायचा आणि अख्खं रान रिकामं व्हायचं. म्हातारा दारातून बाहेर पडला तर एकही हलत नसे. "ते चेहरा ओळखतात," तो शांतपणे म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं नाही. मग त्याने मला शिकवलं. त्यांच्याकडे सरळ चालत जायचं नाही, दुसरंच काही काम असल्यासारखं तिरकं जायचं. वर बघायचं नाही. थांबायचं नाही, कारण थांबलेल्या माणसावर त्यांचा विश्वास नसतो. रानाच्या मधोमध पत्र्याची एक जुनी शेड होती, तिच्या भिंतीला बोटभर फट होती. आम्ही दोघं आत जायचो आणि तो एकटा परत जायचा. पण कावळे फसायचे नाहीत, दुसरा आतच आहे हे त्यांना कळायचं. शेवटी म्हाताऱ्याने पोत्यात गवत भरलं, त्याला माझं जाकीट आणि टोपी घातली, आणि मला आत ठेवून त्या पोत्याला गाडीत शेजारी बसवून निघून गेला. दोघं आले, दोघं गेले, असा हिशेब जुळला.

त्या दुपारी मी फोन बंद केला होता. नुसता थरथरला तरी कावळा उडतो, असं म्हातारा म्हणाला होता. मी दोन तास हललो नाही. खरं सांगायचं तर त्या दोन तासांत मला भीती वाटली नाही, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच. एक कावळा उतरला, चालत चाळीस पावलांच्या आत आला आणि मी चाप ओढला. तो जागच्या जागी पडला. मी खूश होऊन फोन चालू केला, तर आईचे अकरा मिस्ड कॉल होते.

"अरे, कुठे होतास?" आई म्हणाली. "हे गेले."

"झोप लागली होती," मी म्हणालो.

बाबांना बघायला कुणालाच मिळालं नाही. सगळं महापालिकेच्या माणसांनीच उरकलं. आई घरात कोंडलेली, नातेवाईक आपापल्या घरी. दहाव्याचे पिंड मी इथे करायचे आणि गुरुजींनी फोनवरून सांगायचं, असं ठरलं. आईने एकच अट घातली. पिंडाला कावळा शिवल्याशिवाय ती तोंडात काही घालणार नव्हती. गुरुजी म्हणाले, नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून लावू, शास्त्रात आहे. आई म्हणाली, "गवताचा नको. त्यांना आयुष्यात काही खोटं चाललं नाही."

आईला मधुमेह. आजारातून उठून धड पंधरा दिवस झाले नव्हते, चालताना भिंत धरत होती. आणि मी तिच्यासाठी कावळा आणायचा होता तो त्या रानातून, जिथे मी मारलेला कावळा म्हाताऱ्याने इतरांना जरब बसावी म्हणून तारेवर उलटा टांगला होता. तेव्हापासून एकही कावळा त्या बाजूला फिरकला नव्हता. मी तो कावळा तारेवरून काढून दूर पुरला.

दहाव्या दिवशी बायकोने भात शिजवून दिला आणि ती ड्युटीवर गेली. गुरुजींनी फोनवरून सांगितलं तसे पिंड करून मी शेडच्या समोर एका सपाट दगडावर ठेवले. दगड निवडताना मी शेडपासून पावलं मोजली. चाळीस. कशाला मोजली ते मला विचारू नका.

आमचे साडेअकरा, पुण्यात सकाळचे सात. आई फोनवर आंघोळ करून बसलेली, आदल्या रात्रीपासून उपाशी. मी हात जोडून उभा राहिलो आणि आपल्याकडे बोलतात तसं बोलायला लागलो. बाबा, आईला सांभाळीन. बाबा, विमानं सुरू झाली की पहिल्या विमानाने येईन. बाबा, तुमची पुस्तकं रद्दीत देणार नाही. निलगिरीवर चार कावळे बसले होते आणि चारही माझ्याकडे बघत होते. आमच्याकडे एक वाजला. आईचा आवाज बारीक झाला. तिच्या हाताला कंप सुटलेला मला पडद्यावर दिसत होता. "आई, दोन बिस्किटं तरी खा," मी ओरडलोच तिच्यावर. ती नुसती मान हलवत राहिली. मला वाटलं, आता हिलाही मी इथूनच, ह्याच फोनवर गमावणार.

मी म्हाताऱ्याला बोलावलं. पोतं, जाकीट, टोपी. आम्ही दोघं शेडमध्ये गेलो आणि तो गवताच्या मला घेऊन गेला. आईला गवताचा कावळा चालणार नव्हता, कावळ्यांना मात्र गवताचा मी चालला. पाऊण तासाने एक जण खाली उतरला. तिरका चालत, दुसरंच काही काम असल्यासारखा, तो दगडाकडे आला.

"आई, आला बघ," मी कुजबुजलो.

"मला नुसता ठिपका दिसतोय रे. खरं सांग. माझं समाधान करू नकोस."

दुर्बीण तेवढी एकच होती, बंदुकीवरची. शिवला की नाही हे नीट दिसावं म्हणून मी बंदूक बरोबर आणली होती. छर्रे घरी ठेवले होते आणि ती रिकामी असल्याचं तीनदा तपासलं होतं. नळी फटीतून बाहेर काढली आणि फोनचा कॅमेरा दुर्बिणीला लावला. कावळा पडदाभर झाला. त्याने मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि पिंडाला चोच लावली.

आई रडायला लागली. "अहो, जेवा," ती म्हणाली. "पोराकडे गेलात, बरं केलंत." पदराने डोळे पुसून तिने पडदा जवळ घेतला. "पण अरे, ह्यांच्यावर ही मधोमध फुली कसली दिसतेय?"

"काच तडकलीय गं," मी म्हणालो. "आता जेव तू."

तिने ताट ओढलं. पहिला घास तिच्या तोंडात जाताना मी ऐकला, आणि तेव्हा माझं लक्ष माझ्या उजव्या हाताकडे गेलं. बोट आपलं आपण चापावर जाऊन बसलं होतं. तीनदा तपासलं होतं, तरी बंदूक रिकामी आहे की भरलेली, त्या क्षणी मला काही म्हणता काही आठवेना. बाबा सावकाश भात खात होते आणि ते बोट काढायलाही माझा धीर होत नव्हता.