सरांना न दिसणारा हात

खोडके सर वर्गात आले की आधी फळ्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह काढायचे. "प्रश्न करा रे पोट्टेहो! ज्याले प्रश्न पडत नाही, तो मेंढरू!" रायपूर नव्या राज्याची राजधानी झाली त्या दिवसांत बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या शाळेत ते संवादातून विचार करायला शिकवायचे. निदान सगळीकडे तसं सांगायचे. खरा प्रश्न आला की "लय शहाणा होऊन राहिला का बे?" म्हणत कान पिळायचे. मी बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत वाढलो. माझा कान कायम लाल.

साहेबलोकांच्या भेटीसाठी त्यांनी एक युक्ती बसवली होती. सरांनी पढवलेला प्रश्न विचारायचा तर उजवा हात वर, स्वतःचा असेल तर डावा. डावे हात त्यांना दिसतच नसत. पाहुण्यांना मात्र वाटे, काय ही जिज्ञासा!

राजधानीला सरकारी दफ्तरांसाठी जागा हवी होती. शाळेच्या अर्ध्या खोल्या एका कार्यालयाने घेतल्या आणि आमचा वर्ग संध्याकाळी भरू लागला. माझ्या वर्गातल्या, गुढियारी वस्तीतल्या ज्योतीला अंधारात रूळ ओलांडून एकटीने घरी जावं लागे. तिच्या बाबांनी बजावलं होतं, "टाइम नाही बदलला तर शाळा बंद." तिने सरांना विचारलं, तर म्हणाले, "हा प्रश्न आहे का? तक्रार आहे ही. बस खाली."

मग शिक्षण खात्याचे बडे साहेब आले. ज्योतीने उजवा हात वर केला. सरांनी कौतुकाने तिला उभं केलं.

"साहब, हमारे कमरे दफ्तर को दे दिए. अब लड़कियाँ अँधेरे में घर क्यों जाएँ?"

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी 'पोरगी खरं बोलते' एवढंच म्हणायचं होतं. सर हसले. "बच्ची है साहब. किसी ने सिखाके भेजा है."

वर्गातला एकूण एक प्रश्न ज्याने पढवला, तो माणूस त्या एकुलत्या न पढवलेल्या प्रश्नाबद्दल हे बोलला!

ज्योती पुन्हा शाळेत दिसली नाही. सरांना पुरस्कार मिळाला, मुलांना प्रश्न विचारायला शिकवल्याबद्दल.

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. सत्काराला मी मुद्दाम गेलो, पहिल्या रांगेत बसलो. भाषण संपवून शाल सावरत त्यांनी विचारलं, "कोणाले काही प्रश्न?"

मी डावा हात वर केला.

सरांनी मला ओळखलं. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली.

"नाही ना? चला मग, नाश्ता थंडा होऊन राहिला."