कॉम्प्युटरच्या खोलीचं दार

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची पूजा झाली. पाच मशिनं, प्रत्येकाला हळदीकुंकू. एकाच्या कीबोर्डमध्ये अक्षता गेल्या आणि त्याची दोन बटणं कायमची अडकली. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी पंचवटीतल्या त्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. वय सव्वीस, बीएड ताजं, आणि आपल्याला मुलांची मनं कळतात हा गैरसमजही तितकाच ताजा.

कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीलाही नव्हता. धूळ जाऊ नये म्हणून दार कायम बंद, आणि चपला-बूट बाहेर काढून आत जायचं. आसपासच्या देवळांतसुद्धा एवढं सोवळं नव्हतं. इथले पुजारी म्हणजे कॉम्प्युटरचे सर. तिशीचे, गुळगुळीत दाढी, खिशाला दोन पेनं. मशीन बंद पडलं की पुन्हा चालू कसं करायचं हे अख्ख्या शाळेत त्यांनाच ठाऊक, त्यामुळे ते आले की मुख्याध्यापकसुद्धा खुर्चीतून थोडे वर उठायचे.

एका गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत बसले होते. शिपाई मावशी झाडू घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, कॉम्प्युटरच्या खोलीभायेर दोनच जोड हायेत. एक सरांचा. एक बारका."

"जादा तास असेल, मावशी."

"तीन गुरुवार झाले. जोड तोच हाय. पट्टा तुटलेला, सुतळीनं बांधलेला."

तेव्हाच उठून जायला हवं होतं. मी आधी हातातली वही संपवली. मग गेले, तोवर बारका जोड निघून गेला होता.

तो जोड कोणाचा हे मला माहीत होतं. माझ्याच आठवीच्या वर्गातली मुलगी, वय तेरा. तिची आई पंचवटीच्या बाजारात भाजी विकायची. महिनाभरापासून मुलगी मागच्या बाकावर बसायला लागली होती आणि दर गुरुवारी तिचं पोट दुखायचं. मी, विज्ञानाची बाई, तिला ओवा खा म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि चार शिक्षकांच्या देखत विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का बाळ?" ती म्हणाली, "नाही बाई." त्या चौघांपुढे मीही नाहीच म्हटलं असतं. त्यातले दोघे तर कान टवकारून चहात बिस्कीट बुडवायचं विसरले होते.

मावशींनी बीएड केलं नव्हतं. त्यांनी मधल्या सुट्टीत मुलीला पाण्याच्या टाकीमागे नेलं, खडूंचं खोकं पुढ्यात ओतलं आणि तुटके खडू निवडायला बसवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही बी बसा, पण तोंड तिकडं करून." विचारलं काहीच नाही. अर्धं खोकं निवडून झाल्यावर मुलगी आपणहून बोलली.

"सर माउस शिकवताना हात धरतात. मग सोडतच नाहीत. बाकीच्यांना घरी पाठवतात. दार लावतात. मी म्हटलं मला जायचंय, तर म्हणाले नापास करीन."

मावशींचे हात थांबले नाहीत. "तुझी काय बी चूक नाय. आता तिकडं जायचं नाय. कोन बोललं तर माझं नाव सांग."

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मुलींचं हे वयच असं असतं."

"सर, मुलीचं वय तेरा आहे. कॉम्प्युटर सरांचं वय कसं असतं?"

ते पाणी प्यायले. मग शाळेचं नाव, संस्थेची प्रतिष्ठा, पालकांमध्ये जाणारा संदेश असं सगळं क्रमाने बाहेर आलं. माणूस दुष्ट नव्हता, भित्रा होता. त्या मुलीच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "आपण तक्रारपेटी लावू!"

पेटी चार दिवसांत लागली. लाल रंगाची, कुलूप असलेली. किल्ली शिस्त समितीच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष कोण, तर कॉम्प्युटरचे सर. शनिवारी प्रार्थना झाल्यावर त्यांनी अख्ख्या शाळेसमोर ती उघडून चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, नळाला पाणी नसतं. दुसरीत, विज्ञानाच्या बाई फार ओरडतात. तिसरी कोरी होती. ती हवेत हलवून सर हसले, म्हणून शाळाही हसली. ती कोणी टाकली होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "बाई, ते दारच नको."

सोमवारी सकाळी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडाचा एक तुकडा घेऊन आल्या. वाळवीने भरलेला, त्यांच्या स्वतःच्या घरामागचा. आम्ही तो खोलीच्या चौकटीशी ठेवला, थोडी माती सांडली आणि मी धावत मुख्याध्यापकांना बोलावून आणलं. आयुष्यात एवढा चांगला अभिनय मी स्नेहसंमेलनातही केला नव्हता.

"सर, वाळवी! शेजारच्याच खोलीत आपलं रेकॉर्ड आहे. हजेरीपटांना लागली तर?"

हजेरीपट म्हटल्यावर मुख्याध्यापकांना घाम फुटला. मुलीसाठी जे आठवडाभरात झालं नाही ते कागदासाठी तासाभरात झालं. मावशींचे दीर सुतार. ते योगायोगाने फाटकापाशीच उभे होते. मधल्या सुट्टीपर्यंत दार बिजागऱ्यांतून निघून मैदानात पडलं होतं आणि पोरं त्यावर बसून डबा खात होती.

कॉम्प्युटरचे सर लालबुंद झाले. "धूळ जाईल! मशिनं खराब होतील!"

"मी रोज दोन टायमाला फडकं मारीन की सर," मावशी म्हणाल्या. "दिवसभर हितंच बसते." आणि स्टूल टाकून त्या खरंच तिथे बसल्या.

आम्हाला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं. ते वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी आम्ही दोघी बाजारात मुलीच्या आईकडे गेलो आणि मी खाली वाकून, हळू आवाजात सगळं सांगितलं. तिने कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारायचं थांबवलं.

"तुम्हाला कधी कळलं, बाई?"

"दहा-बारा दिवस झाले."

"आन् मला आज सांगता?"

"आम्ही दार काढलं," मी म्हणाले. माझ्याच कानाला ते केविलवाणं वाटलं.

"पोरगी माझी हाय. आधी मला सांगायचं. दार मी बी काढलं असतं."

पोलिसात जायचं असेल तर मी बरोबर येते, असं मी म्हटलं. तिने दोन जुड्या पुन्हा नीट लावल्या. मग म्हणाली, पोरीला पुन्हा दहा पुरुषांपुढं बोलायला लावणार नाय. पण सोडणार बी नाय.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या चार बायकांना घेऊन शाळेत आली. मुख्याध्यापकांनी खुर्च्या मागवल्या. "बसाया नाय आलो," ती म्हणाली. "लिहून घ्या." मी लिहिलं, तिने सही केली. तिचं ऐकून सातवी आणि नववीतल्या दोन मुलींच्या आया त्याच आठवड्यात आल्या. म्हणजे तो जोड एकटा नव्हता. आम्ही फक्त गुरुवार मोजत होतो.

सरांनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला. मुख्याध्यापकांनी निरोप समारंभाची सूचना फिरवली. शाल, श्रीफळ, दोन शब्द. मी सूचनेवर सही केली नाही. मावशींनी त्याहून सोपं केलं. समारंभाच्या दिवशी नारळ फोडून त्यांनी खोबरं पोरांना वाटून टाकलं आणि शाल सापडत नाही म्हणाल्या. समारंभ रद्द झाला.

मुलीने त्या वर्षी कॉम्प्युटर विषय सोडला. पोटदुखी जायला मात्र बरेच महिने लागले. मध्येच एखाद्या गुरुवारी ती टाकीमागे जाऊन बसायची आणि मावशी खडूंचं खोकं घेऊन जायच्या.

महिनाभराने कळलं की सर शहरातल्या दुसऱ्या शाळेत मुलाखत देऊन आलेत. सोबत आमच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र, 'कष्टाळू व मुलांमध्ये लोकप्रिय'. मी स्कूटी काढली आणि त्या शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापिका निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. मी बोलत होते तेव्हा त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही, शाळेच्या नावाचा विषयही काढला नाही. फक्त उठून बाहेरच्या शिपायाला दूर पाठवलं.

"लिहून देता का?" त्यांनी विचारलं.

मी तिथेच बसून तीन पानं लिहिली. मुलींची नावं सोडून सगळं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती, तरी खाली सही केली.

त्यांनी कागद घडी करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"मागच्या वेळी," त्या म्हणाल्या, "असाच एकजण आमच्याकडे आला, तेव्हा सांगायला कुणी आलं नव्हतं."

मग त्यांनी चहा मागवला.

त्या शाळेने सरांना घेतलं नाही. पुढे त्यांनी प्रिंटर दुरुस्तीचं दुकान टाकलं असं ऐकलं. दुरुस्त करू देत. प्रिंटर आठवीत शिकत नाहीत.