वैशूने लावलेलं टायमिंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — माझं मलाच कळत नाही.

मुलुंडला आमचं गॅरेज. बाबांचं, आता माझं. तेव्हाच्या गाड्यांत कॉम्प्युटर नव्हता. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते, म्हणजे टायमिंग, डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवून ठरवायचं. बोल्ट सैल करायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे — आणि ऐकायचं. ठिणगी लवकर पडली की चढावर इंजिन आतून टकटकतं. तसंच दामटलं तर पिस्टन जातो. मला हे सगळं पाठ होतं. ऐकू मात्र येत नव्हतं.

ऐकू यायचं वैशूला, माझ्या धाकट्या बहिणीला. कॉलेजातून आली की थेट बॉनेटखाली वाकायची. गिऱ्हाइकं विचारायची, वैशू आहे का? मी तिथेच काळे हात घेऊन उभा — आणि मलाच विचारायची! जळायचो मी. दुसरा शब्द नाही. एक दिवस बाबा म्हणाले, बोर्डावर तिचं नाव घालू. थोरला कोण होता?

त्याच आठवड्यात एका मास्तरांच्या गाडीचं टायमिंग तिने लावून दिलं. ते मुलाबाळांना घेऊन गावी निघणार होते. मला माहीत होतं ते. वैशू हात धुवायला गेली आणि मी बोल्ट सैल केला. किती फिरवलं? नखाएवढंही नसेल.

पिस्टन घाटात गेला. मुलं दिवसभर उन्हात बसली.

बाबा तिला एवढंच म्हणाले, "बायो, उद्यापासून येव नको." ती माझ्याकडे वळली. "दादा, मला बरोबर ऐकू आलं होतं रे." मी पाने पुसत राहिलो. पुढे ती ऑफिसात चिकटली, पाना पुन्हा धरला नाही.

एवढंच असतं तर वयाचा दोष म्हणालो असतो. पण गेल्या महिन्यात ती स्वतःची गाडी घेऊन आली. चढावर टकटक येते, म्हणाली, की भास होतो कुणास ठाऊक. मी चालवून पाहिली — काही नाही. मग स्कॅनर लावला. हल्लीच्या गाड्यांत टकटक झाली की कॉम्प्युटरच ठिणगी उशिरा पाडतो, आणि हा ती सारखी उशिरा पाडत होता. तिचं खरं होतं. अजूनही! पुन्हा जळलो मी — या वयात, सख्ख्या बहिणीवर.

गाडी मी गुपचूप नीट केली. चावी देताना म्हणालो, "भास गं तुझा. काही नव्हतं."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि वर थँक्यू म्हणून गेली.